मामा थंडीला निघाले

आमच्या बिल्डिंगच्या पाण्याची मोटर कधी लावायची, हे मला फिनलंडहून कळायचं. मी पेरुंगुडीच्या ऑफिसात मीटिंगमध्ये बसलेली असायची, साहेब काहीतरी गंभीर बोलत असायचे, आणि फोनच्या पडद्यावर मामांचं नाक यायचं. फक्त नाक आणि वर माकडटोपीची कड. फोन तोंडापासून किती लांब धरावा, हे त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही.

"पोरी, तिथं आतां ऊन चढलं असेल. मोटर लावली काय?"

मी तोंडावर हात धरून म्हणायची, मामा, मी ऑफिसात आहे. त्यावर ते "सरी, सरी" म्हणायचे, म्हणजे बरं, बरं, आणि तरीही बोलत राहायचे. गीझरचं बटण उलटं आहे, खाली केलं की चालू होतं, हे त्या पाहुण्या बाईंना सांग. मागच्या दाराची कडी आधी वर उचलायची आणि मग ओढायची. कावळ्याला भात ठेवायला त्यांना जमतंय का ते बघ. मी फोन ठेवला की साहेब विचारायचे, घरी सगळं ठीक ना? मी हो म्हणायची. दुसरं काय सांगणार?

मामा माझे मामा नव्हेत. चेन्नईत वयस्कर शेजाऱ्यांना मामा-मामी म्हणायची पद्धत आहे, त्यातले हे मामा. वेलचेरीत आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर त्यांचं स्वतःचं घर होतं आणि मी दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत होते. इचलकरंजीहून नोकरीसाठी नुकतीच आले होते. जिन्यात उभी राहून आईशी फोनवर बोलत होते, तर तळमजल्याचं दार उघडलं आणि लुंगी नेसलेले, उंच, काटकुळे एक गृहस्थ हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन बाहेर आले.

"तुम्ही मराठी?" त्यांनी विचारलं. शब्द मराठी होते, चाल तमिळ होती.

ते तंजावरकडचे. पूर्वज केव्हातरी फार जुन्या काळी तिकडे गेलेले, आणि घरात जी मराठी पिढ्यान् पिढ्या चालत आली ती तशीच राहिलेली. कुठे नाही, कोठें. आता नाही, आतां. त्यात जागोजागी तमिळ शब्द. पहिले काही दिवस मला ते बोलायला लागले की जुना दस्तऐवज कुणीतरी गाऊन दाखवतंय असं वाटायचं. पण मराठी ती मराठी. तेवढ्यावर आमचं नातं ठरलं आणि महिन्याभरात त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे आली. तेव्हा मला तो मान वाटला होता.

किल्लीमागचं कारण डिसेंबरात कळलं. मामा-मामी दर हिवाळ्यात परदेशी जायचे, आणि हॉटेलात न राहता घरांची अदलाबदल करून राहायचे. म्हणजे तिकडचं एखादं जोडपं येऊन मामांच्या घरात राहणार आणि हे दोघं त्यांच्या घरात. भाडं कुणी कुणाला द्यायचं नाही. त्यासाठी इंटरनेटवर एक मंडळ होतं, त्याचे मामा जुने सभासद. आपल्या दोन खोल्यांच्या घराचे फोटो त्यांनी स्वतः काढून टाकले होते. त्यातला एक फोटो नुसत्या फ्यूजबॉक्सचा होता. घर किती व्यवस्थित आहे हे लोकांना कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं.

माणसं उन्हाळ्यात थंड हवेला जातात. हे दोघं हिवाळ्यात बर्फात जायचे. चेन्नईतला माणूस, ज्याला पंखा चारवर ठेवला की कान दुखतात, तो जानेवारीत स्कॉटलंडमध्ये, कॅनडात, फिनलंडमध्ये. मी एकदा विचारलं तर त्यांनी मला अडाणी समजून सावकाश सांगितलं. अदलाबदल म्हटली की समोरच्यालाही इथं यावंसं वाटलं पाहिजे. मे महिन्यात वेलचेरीला कोण येईल? इथं लोक येतात ते डिसेंबरात. म्हणून आपण जायचं तें डिसेंबरात. यात न कळण्यासारखं काय आहे?

प्रवासही ते असा निवडायचे की सरळ कुठे पोचायचं नाही. दोन ठिकाणी विमान बदलायचं आणि मध्ये एखाद्या विमानतळावर अर्धा दिवस बाकावर बसायचं. थेट विमानानं गेलं तर जग किती मोठं आहे ते समजत नाही, हे त्यांचं मत. मामी त्या बाकावर डबा उघडून चिंचेचा भात वाढायच्या. मामांनी माकडटोपी चेन्नईत टॅक्सीत बसतानाच घातलेली असायची. सामानात मामींचा प्रेशर कुकर, मसाले, डोशाचं पीठ दळायचा छोटा ग्राइंडर, आणि एक अख्खी बॅग भरून पाने, पक्कड, करवत, वॉशर, तेलाची पिचकारी.

कारण मामा तिकडे जाऊन काही बघायचे नाहीत. आयुष्यभर त्यांनी गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल केली होती. रोज पहाटेची गाडी पकडून शहराच्या त्या टोकाला जायचं आणि बंद पडलेलं काहीतरी चालू करून यायचं. निवृत्त झाल्यावर त्यांना गळका नळ दिसला की जेवण जात नसे. परक्या घरात पाऊल टाकल्याबरोबर ते बूट काढून दार, खिडक्या, नळ, कड्या तपासायला सुरुवात करायचे, आणि पुढचे दोन महिने तेच. किल्ला बघितला का, म्हणून मी स्कॉटलंडला फोनवर विचारलं, तर म्हणाले, किल्ल्याचं राहू दे, यांच्या न्हाणीघराचं दार इतकी वर्षं कुरकुरतंय आणि कोणाला कांही वाटत नाही.

त्या स्कॉटलंडच्या घरातच तव्याचं प्रकरण झालं. त्या घरच्या बाईंकडे त्यांच्या आजीपासून चालत आलेला एक बिडाचा तवा होता. वर्षानुवर्षं तेल मुरून काळाकुळकुळीत झालेला. मामांना तो गंजलेला वाटला. त्यांनी तो पॉलिश पेपरनं घासून, ॲसिड लावून, चांदीसारखा केला आणि अभिमानानं त्याचा फोटो त्या बाईंना पाठवला. बाई इकडे वेलचेरीत मामींच्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या आणि मी त्यांना उपमा कसा करायचा ते दाखवत होते. फोटो पाहिला आणि त्या स्टूलवर बसल्या त्या बसल्याच. मग रडायला लागल्या. माझं इंग्रजी अशा प्रसंगासाठी नव्हतं. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिले आणि मनात मामांना जे काही म्हणत राहिले ते इथे लिहीत नाही.

संध्याकाळी मामींचा फोन आला. त्या कधी फोन करायच्या नाहीत, म्हणून मी दचकले. मामी म्हणाल्या, त्या बाईंना सांग, मी रोज तेल लावून तवा तापवते आहे. पहिल्यासारखा होणार नाही, पण डोसे सुटायला लागले आहेत. मग म्हणाल्या, "मी न्हाऊन येईपर्यंत यांनी तें केलं. डोशाचा तवा मी जन्मभर वापरते. मला एकदा विचारलं असतं तर?"

मागून मामांचा आवाज आला, गंज होता तो.

मामी बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, कपाळावर मोठं कुंकू. बोलायच्या कमी. मामा बोलत असताना त्या भाजी निवडायच्या आणि ते चुकीचं काही सांगत असले की निवडायच्या थांबायच्या, एवढंच. मी एकदा त्यांना विचारलं होतं की एवढ्या देशांतलं तुम्हाला काय आवडलं. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, कॅनडातल्या शेगडीला चार चुली होत्या, तें सोयीचं होतं.

आणि मी? मी मामांच्या घराची बिनपगारी व्यवस्थापक. कॅनडाचं जोडपं पहिल्याच पहाटे घाबरून वर आलं, कारण मार्गळी लागली होती. मार्गळी म्हणजे तमिळ मार्गशीर्ष-पौष, त्या महिन्यात देवळांतले कर्णे पहाटेच सुरू होतात. त्यांना वाटलं शहर रिकामं करायची सूचना चालली आहे. एका जर्मन गृहस्थांनी सगळ्या बिल्डिंगसाठी आलेला पाण्याचा टँकर, उशिरा येणं शिस्तीत बसत नाही म्हणून, परत पाठवला. त्या दिवशी चार मजले माझ्याशी बोलत नव्हते. मामांना फोन करून मी संतापानं सांगितलं तर ते म्हणाले, "तूं आहेस म्हणून मी निर्धास्त आहें." हे वाक्य ते इतक्या प्रेमानं म्हणायचे की पुढे भांडता यायचं नाही. मला वाटतं, जगातल्या सगळ्या त्रासदायक माणसांकडे असं एक वाक्य असतं.

फिनलंडचं जोडपं त्यातल्या त्यात बरं. मामांच्याच वयाचं. बाई शाळेत शिक्षिका होत्या, सडपातळ, सतत हसऱ्या. त्यांचे यजमान गुडघ्यांनी अधू, काठी घेऊन चालायचे आणि इडलीवर सांबार ओतल्यावर डोळे मिटून बसायचे. ते एकदा येऊन गेले आणि त्यांना घर इतकं आवडलं की पुढच्या हिवाळ्यात पुन्हा आले. मामांचं आणि त्या बाईंचं वर्षभर ईमेल चालायचं. विषय बहुतेक छताची गळती.

त्या दुसऱ्या खेपेला वादळ आलं.

वेलचेरीत पाणी साचणं नवीन नाही. पाऊस जास्त झाला की लोक आपापल्या गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावतात आणि दूध, मेणबत्त्या आणून ठेवतात. त्या वर्षी मात्र दोन दिवस पाऊस थांबलाच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी खाली डोकावले तर जिन्याची पहिली पायरी दिसत नव्हती. दार वाजवलं. फिनलंडच्या बाई घोटाभर पाण्यात उभ्या होत्या आणि केरसुणीनं पाणी बाहेर लोटत होत्या. बाहेरचं पाणी तेवढ्याच शांतपणे परत आत येत होतं.

मामांचा फोन तेवढ्यात लागला. पहिल्यांदाच त्यांचा पूर्ण चेहरा पडद्यावर आला. बातम्या त्यांनी बघितल्या होत्या.

"मेन स्विच आधी पाड. लाकडी स्टुलावर चढून. हात कोरडा कर," ते म्हणाले. मी पाडला. "आतां त्या दोघांना वर ने. सामानाला हात लावूं नको. माणसं ने."

त्या दिवशी त्यांनी कुठल्याही वस्तूचं नाव काढलं नाही. हे मी त्यांच्या खात्यावर मुद्दाम नोंदवते, कारण इतर बाबतीत मी त्यांना सोडणार नाही.

त्यांच्या पाहुण्यांनी मात्र ऐकलं नाही. मी आणि तिसऱ्या मजल्यावरचे एक शेजारी मिळून अधू गुडघ्यांच्या गृहस्थांना एकेक पायरी वर आणत होतो, तोवर बाई खाली जाऊन काहीतरी उचलून आणत होत्या आणि माझ्या हॉलमध्ये ठेवत होत्या. चार-पाच फेऱ्या झाल्या. पाणी गुडघ्याच्या वर गेलं तेव्हा मी त्यांना हाताला धरून वर ओढलं. वर येऊन पाहिलं तर माझ्या हॉलमध्ये मामांचं ड्रिल मशीन, दोन्ही अवजारपेट्या, मिक्सर, इस्त्री, व्होल्टेज स्टॅबिलायझर, सायकलचा पंप आणि झाडावर फवारायचं यंत्र, असं सगळं ओळीनं मांडलेलं. त्यांची स्वतःची बॅग खालीच. मामा-मामींच्या लग्नाचा फोटो खालीच.

मी विचारलं, हेच का आणलंत? बाई धापा टाकत होत्या. म्हणाल्या, लाल टिळा असलेलं सगळं आणलं. देवाचं आहे ना ते?

मी कपाळाला हात लावला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी इकडे आयुधपूजा करतात. घरातल्या हत्यारांना, यंत्रांना गंध-कुंकू लावतात. मामा ती पूजा इतकी मनापासून करायचे की पुढच्या दसऱ्यापर्यंत टिळे पुसले जायचे नाहीत. त्या बाईंनी विचार केला होता की लोकांच्या घरात आपण राहतोय, तर त्यांना जे सर्वांत पवित्र आहे ते आधी वाचवायचं. वीज नव्हती, पाणी नव्हतं. आम्ही तिघं त्या पूजनीय यंत्रांच्या मधोमध बसून बिस्किटं खात राहिलो.

पाणी ओसरायला बरेच दिवस लागले. फिनलंडचं जोडपं तोवर माझ्याकडेच राहिलं आणि विमानं सुरू झाल्यावर परत गेलं. आपलं घर मामांना हवे तितके दिवस राहायला देऊन ते मुलीकडे राहिले. मामा-मामी जानेवारीत आले. मी माणसं लावून घर धुऊन घेतलं होतं. फक्त मामींचं लोखंडी कपाट तसंच होतं. ते कुलूपबंद होतं आणि किल्ली मामींच्या कमरेला फिनलंडमध्ये.

त्या कपाटाच्या खालच्या खणात मामींची रेशमी लुगडी आणि साड्या होत्या. आईनं दिलेलं नऊवारी, लग्नातलं लुगडं, बहिणीनं मरणाआधी दिलेली जांभळी साडी. निघायच्या आधी मामी म्हणत होत्या की एवढं गाठोडं वर पोरीकडे ठेवूं. मामांनी ते हसण्यावारी नेलं होतं. कारण कपाटाच्या दाराला त्यांनी स्वतः चारी बाजूंनी रबरी पट्टी बसवली होती आणि त्यात पाण्याचा थेंबही शिरणार नाही अशी त्यांची खात्री होती. पाणी शिरलं. मागच्या पत्र्याच्या जरा वरच्या सांध्यातून शिरलं. आणि रबर इतकं पक्कं बसवलं होतं की ते परत बाहेर आलंच नाही. मामींनी कुलूप उघडलं तेव्हा दारातून काळं पाणी त्यांच्या पायांवर आलं. महिनाभर ते रेशीम गटाराच्या पाण्यात मुरलं होतं.

मामी ओरडल्या नाहीत की रडल्या नाहीत. त्यांनी खाली वाकून एक पदर हातात घेतला, तो हातातच सुटून आला, तो परत ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन कॉफी केली. आम्हाला दोघांना दिली. स्वतः घेतली नाही.

पुढचे काही दिवस मामा गच्चीत होते. बादल्या, रिठे, कसकसल्या पावडरी. एकेक साडी धुवायची, सावलीत वाळत घालायची, पुन्हा धुवायची. लाल रंग हिरव्यात उतरला होता, काठांची जर काळी पडली होती. ते ओळखीच्या एका विणकराला फोन करून विचारत, मग पुन्हा बादलीपाशी बसत. मी कपडे वाळत घालायला गेले तरी त्यांचं लक्ष नसे. मला त्यांचा राग यायचा आणि बघवायचंही नाही.

एका सकाळी मी गच्चीवर असतानाच मामी वर आल्या. गुडघेदुखीमुळे त्या कधी जिने चढत नसत. त्या दोरीवरच्या त्या चिंध्यांकडे बघत उभ्या राहिल्या.

"राहूं द्या आतां," त्या म्हणाल्या.

मामा म्हणाले, ही एक सुटेल असं वाटतं, कडेचा रंग धरून आहे.

"साडी राहूं द्या. मला एक विचारायचं आहे. आपण दर वर्षी डिसेंबरातच कां जातों?"

मामांनी हात पुसले. सोपा प्रश्न आल्यावर त्यांना बरं वाटायचं. "तेव्हांच लोक इथं यायला तयार असतात."

"तेव्हांच कां?"

"इथली हवा तेव्हां चांगली असते. घाम नाही. सगळीकडे गाणं असतं, गाण्याच्या सभा असतात, लोक लांबून लांबून..." आणि ते थांबले.

मामी म्हणाल्या, "हो. वर्षभर या भट्टीत मी राहायचं. आणि एक चांगला महिना येतो तो परक्यांना द्यायचा. मी लग्न होऊन या गावांत आले तेव्हां मार्गळीत रोज कचेरीला जात होते. तुम्ही नोकरीत होतां तोवर गेले. तुम्ही घरी बसलां आणि माझी मार्गळी गेली."

इथे सांगायला हवं की गाण्याच्या मैफलीला चेन्नईत कचेरी म्हणतात. मी आल्या आल्या मामी एकदा कचेरीच्या आठवणी सांगत होत्या, तेव्हा मला वाटलं होतं त्या सरकारी नोकरीत होत्या.

मामांनी बादली बाजूला सरकवली. मग म्हणाले, "तूं कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाही."

एवढं बोलून त्या कठड्याला धरून खाली गेल्या. मी हातातली ओली ओढणी उगीच पिळत राहिले. मामांनी माझ्याकडे बघितलं. बहुधा मी त्यांच्या बाजूनं काहीतरी बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मी ओढणी झटकून दोरीवर घातली.

त्यानंतर मामा आठवडाभर काही दुरुस्त करताना दिसले नाहीत. जिन्यातला दिवा लुकलुकत होता तो लुकलुकत राहिला. मग एका संध्याकाळी ते वर आले आणि म्हणाले, त्या मंडळावर आपल्या घराची जाहिरात बदलायची आहे, मदत कर. मी लॅपटॉप उघडला. त्यांनी डिसेंबर खोडायला सांगितलं आणि तिथे मे घालायला सांगितलं. मी म्हटलं, मामा, मे महिन्यात इथं कोण येणार? तुम्हीच म्हणाला होतात. ते म्हणाले, "घाल तूं."

एकही माणूस तयार झाला नाही. एका डच जोडप्यानं महिना चुकून पडला आहे का, असं विचारलं. मामांनी उत्तर दिलं, चुकलेला नाही. त्यांचं पुढे काही आलं नाही.

आणि एप्रिलच्या शेवटी ते एक दिवस पुन्हा वर आले, खिशातून पाहुण्यांसाठीची किल्ली काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, फिनलंडचे येत आहेत. मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. माझ्या डोळ्यांपुढे आधी त्या गृहस्थांचे गुडघे आले, मग वीज गेलेली दुपार आली.

ते आले ते अग्निनक्षत्र लागलेलं असताना. मे महिन्यातल्या सर्वांत कडक दिवसांचं हे इथलं नाव, आणि ते जराही वाढवून सांगितलेलं नाही. दाराच्या कडीला हात लावला तर चटका बसायचा. फिनलंडचे गृहस्थ पहिल्या दिवशी पंख्याखाली उघड्यानं बसून राहिले आणि म्हणाले, आमच्याकडे वाफ घ्यायची सौना असते तीच आहे ही, फक्त बाहेर पडायचं दार नाही. बाई बादलीत पाय सोडून बसल्या होत्या, चेहरा टोमॅटोसारखा. मी ऑफिसातून येताना ताक, शहाळी, बर्फ घेऊन यायची. पाहुण्यांना चक्कर आली तर कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं ते ठरवून ठेवलं होतं. मामांना फोन करून मी अक्षरशः ओरडले की तुमचे पाहुणे इथं शिजतायत. ते म्हणाले, माठात वाळा टाक.

मग फोन मामींनी घेतला. त्यांना मला काहीतरी दाखवायचं होतं. त्यांनी फोन नीट हात लांब करून धरला, आणि पडद्यावर निळंशार पाणी आलं. लांबवर पसरलेलं, काठाला हिरवी झाडं. मामी हसत होत्या. म्हणाल्या, हें घरासमोरचं तळं. दोन्ही हिवाळ्यांत बर्फानं झाकलेलं होतं आणि तुझे मामा त्याला मैदान समजून रोज त्याच्यावरून दही आणायला जात होते.

मामींना एवढं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मागून मामा काहीतरी खुलासा करत होते. तो मामींनी पूर्ण होऊ दिला नाही.

त्या संध्याकाळी मी फिनलंडच्या बाईंना न राहवून विचारलंच, की मे महिन्यात चेन्नई कशी असते हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का? त्या म्हणाल्या, ठाऊक होतं, मुलीनं वेड्यात काढलं. मग त्यांनी बादलीतले पाय हलवले आणि म्हणाल्या, "तुझे मामा आम्हाला नेहमी लिहितात. गळती, बिजागऱ्या, पाइप. यावेळी त्यांनी पहिल्यांदाच फोन केला. म्हणाले, माझ्या बायकोला डिसेंबर स्वतःच्या घरात हवा आहे. त्यांच्या तोंडून बायकोला काय हवं हे मी कधी ऐकलंच नव्हतं. मग नाही कसं म्हणायचं?"

मी आता पुण्याला असते. चेन्नई सोडण्याआधीचा शेवटचा डिसेंबर मामींनी घरी काढला, आणि एके दिवशी मला कचेरीला घेऊन गेल्या. मामाही आले. इस्त्री केलेला सदरा, जरीकाठी धोतर, माकडटोपी नाही. मला गाण्यातलं काही कळत नाही. मामांना त्याहून कमी. ते आमच्या दोघींच्या मध्ये बसले, आणि बसल्याबरोबर खुर्ची करकरली. जरा हललं की करकर. गाणारी बाई आलाप घेत होती, मामी डोळे मिटून मांडीवर ताल धरत होत्या, आणि मी बघत होते मामांकडे. त्यांनी एकदा खाली वाकून बघितलं. हात खुर्चीखाली गेला. बोल्ट त्यांना सापडला असणार, कारण चेहरा उजळला. मग त्यांनी मामींकडे पाहिलं, हात बाहेर काढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. खुर्ची करकरू नये म्हणून पाठ ताठ ठेवून, श्वाससुद्धा जपून घेत, कचेरी संपेपर्यंत.

बाहेर पडताना मामी पुढे गेल्या. वाटेत भेटलेल्या कोणाशी तरी त्या नुकत्याच ऐकलेल्या रागाबद्दल बोलत होत्या, हात हलवून, थांबून थांबून. मामा जरा मागे राहिले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "एकच बोल्ट ढिला आहे. उद्यां जरा लवकर येऊं. हिला सांगूं नको."

मग मामींच्या पाठीकडे बघत ते क्षणभर उभे राहिले.

"नको," ते म्हणाले. "विचारतोंच तिला." आणि धोतराचा सोगा सावरत मामींना गाठायला भराभर पुढे गेले.